आधी बिलांची फाइल, मग मशीन

वाचकाचं पत्र

आमची शिक्षणसंस्था सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. तीन हायस्कुलं, एक कनिष्ठ आणि एक वरिष्ठ महाविद्यालय असा पसारा आहे. प्रश्नपत्रिका, प्रवेशअर्ज, माहितीपुस्तिका, दाखले, प्रमाणपत्रं, लेटरहेड, वार्षिक अंक असं सगळं बाहेरून छापून घेतो. ऐनवेळी काम अडतं आणि बिलंही वाढत चालली आहेत. कार्यकारिणीने स्वतःचा डिजिटल छपाई विभाग काढायचं ठरवून १२ लाख रुपये मंजूर केले आहेत. एक विक्रेता परदेशातून आलेलं, वापरलेलं रंगीत मशीन ८ लाखांत द्यायला तयार आहे. त्यातून मिनिटाला ७० पानं निघतात असं तो सांगतो. जागेसाठी ग्रंथालयाचं तळघर रिकामं आहे. कार्यालयातला एक लिपिक संगणकात हुशार आहे, तो चालवेल. जूनच्या आत सुरू करायचं आहे. हे मशीन घ्यावं का, आणि आणखी काय काय लागेल?

— कार्यालय अधीक्षक, सातारा जिल्हा

उत्तर

नमस्कार अधीक्षकसाहेब,

विक्रेत्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर इतक्यात देऊ नका. मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तुमच्या पत्रात मशीनचा वेग आहे, किंमत आहे, पण संस्था वर्षभरात नेमकं काय आणि किती छापते याचा एकही आकडा नाही. त्या आकड्याशिवाय हा ७० पानांचा वेग तुमच्या कामाचा आहे की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.

तो आकडा तुमच्याच कपाटात आहे. लेखा विभागाकडून गेल्या दोन आर्थिक वर्षांची छपाईची आणि झेरॉक्सची सगळी बिलं काढा. प्रत्येक बिलाची एक ओळ वहीत उतरवा. काम कोणतं, प्रती किती, आकार कोणता, काळं की रंगीत, एका बाजूला की पाठपोट, कागद कोणता, बाइंडिंग कसलं, कोणत्या महिन्यात लागलं आणि किती दिवसांत हवं होतं. शेवटचे दोन रकाने बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. शाळेचं काम वर्षभर सारखं नसतं. जूनमध्ये प्रवेशाची धांदल, ऑक्टोबरच्या आसपास पहिलं सत्र, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि बक्षिसांची प्रमाणपत्रं, मार्च-एप्रिलला पुन्हा परीक्षा. मधले कित्येक दिवस मशीन झाकून ठेवावं लागतं, आणि परीक्षेच्या आठवड्यात ते दमेपर्यंत चालवावं लागतं. शिक्षक कोपऱ्यावरच्या दुकानातून परस्पर झेरॉक्स काढून आणतात, त्यांचाही अंदाज घ्या. घरात मशीन आलं की ते सगळं काम तुमच्याच दाराशी येणार आहे.

मग हिशेब करा. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा ८ लाखांचं मशीन पाच वर्षं चाललं, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. चालवणाऱ्याचा पगार महिन्याला १८ हजार धरला तर वर्षाचे २ लाख १६ हजार. दुरुस्ती, सुटे भाग आणि वीज मिळून ६० हजार. एकूण ४ लाख ३६ हजार झाले. वर्षाला दोन लाख पानं छापली तर एका पानावर २ रुपये १८ पैसे बसले, आणि त्यात कागद आणि टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, अजून धरलेलाच नाही. तेच सहा लाख पानं छापली तर हा बोजा ७३ पैशांवर येतो. तुमची संस्था यातल्या कोणत्या टोकाला आहे, ते बिलांची फाइल सांगेल. शिक्षणसंस्थेला जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नसेल तर मशीन, कागद, टोनर यांचे सगळे भाव कर धरूनच लावा. कोटेशनवर ‘कर वेगळा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि बैठकीत तेवढंच वाचायचं राहून जातं.

आता कामांची वाटणी. सगळं घरात छापायचं हा हट्ट सोडा, असं मी कळकळीने सांगेन.

एकाच मजकुराच्या शंभर-दोनशेहून जास्त काळ्या प्रती, म्हणजे घटक चाचण्यांचे पेपर, पालकांना पाठवायची पत्रं, सूचना, अर्ज, या कामाला रंगीत लेझर मशीन वापरणं म्हणजे पैसे जाळणं आहे. त्याला रिसो घ्या. हे भराभर प्रती काढणारं मशीन. मूळ कागदावरून मास्टर, म्हणजे बारीक छिद्रांचा पातळ कागद, तयार होतो, तो ड्रमवर गुंडाळला जातो आणि त्यातून शाई कागदावर उतरते. मास्टरचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा दर उतरत जातो. यात कागद तापवायचा नसतो, म्हणून वीज फार लागत नाही आणि कागद सहसा मुडपत नाही. मर्यादा एवढीच की ही शाई कागदात मुरून सुकते. साध्या मॅपलिथोवर ती छान बसते, चकचकीत आर्ट पेपरवर मात्र बोट लावलं की पुसली जाते. वीस-तीस प्रतींसाठी मास्टर फुकट घालवण्यातही अर्थ नाही. ते काम काळ्या लेझरवर टाका.

डिजिटल रंगीत छपाईचं खरं बळ थोड्या प्रतींत आणि प्रत्येक प्रत वेगळी असण्यात आहे. तीनशे विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं, प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा क्रमांक, वेगळी स्पर्धा, असं काम एक्सेलच्या यादीवरून थेट छापता येतं. ऑफसेटला प्लेट करावी लागते, मशीन जुळवताना कागद वाया जातो, आणि नावं तरीही हातानेच लिहावी लागतात. साठ प्रतींची कार्यक्रमपत्रिका, दोनशे प्रतींची माहितीपुस्तिका, निमंत्रणं, दारावरच्या पाट्या ही सगळी कामं घरात करण्यासारखी. पण पाच हजार दिनदर्शिका, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लेटरहेडचा वर्षाचा साठा आणि वार्षिक अंकाची मोठी आवृत्ती बाहेर ऑफसेटवालाच स्वस्त आणि चांगली देईल. त्याच्याशी संबंध तोडू नका. मशीन बंद पडेल त्या दिवशी तोच हाताशी असेल. फ्लेक्स आणि पीव्हीसी ओळखपत्रांचं तंत्र वेगळं आहे, त्यांच्या वाटेला आत्ता जाऊच नका.

पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो. वरिष्ठ महाविद्यालयाच्या परीक्षांना विद्यापीठाकडून पेपर ऑनलाइन येतात का? राज्यातल्या काही विद्यापीठांचे पेपर परीक्षेच्या दिवशी, वेळेच्या थोडंच आधी संगणकावर उघडतात आणि महाविद्यालयाने ते तिथल्या तिथे छापून वर्गात पोचवायचे असतात. तुमच्याकडे तसं असेल तर सगळा विचारच बदलतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात एकुलतं एक मोठं मशीन कागद अडकून बसलं तर वर्गात मुलं ताटकळतात आणि केंद्रप्रमुखाच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून एका भारी रंगीत मशीनपेक्षा रिसो, एक दणकट काळं लेझर आणि एक मध्यम रंगीत, अशी तीन मशीनं मी पसंत करीन. एक बसलं तर दुसरं उभं राहतं. १२ लाखांतले ८ लाख एका वापरलेल्या मशीनवर घालणं मला नाकापेक्षा मोती जड वाटतं.

तरीही ते मशीन बघायला जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. विक्रेता त्याच्या मशीनला शोभणारा, फुलांचा-फळांचा झकास नमुना काढून दाखवेल, त्याकडे बघू नका. तुमच्या तीन फायली पेनड्राइव्हवर घ्या. एकात सात पॉइंटचा बारीक मराठी मजकूर, एकात विद्यार्थ्यांचा समूहफोटो, आणि एकात संस्थेच्या बोधचिन्हाचा रंग पूर्ण पानभर. तुम्ही नेहमी वापरता तो कागदही सोबत न्या. एकच पान सलग दोनशे प्रती काढायला सांगा आणि पहिली प्रत शेवटच्या प्रतीशेजारी ठेवून उजेडात बघा. रंग उतरला किंवा आडवे पट्टे आले, तर मशीनच्या आतले झिजणारे भाग, म्हणजे ड्रम, डेव्हलपर किंवा बेल्ट, संपत आलेले असू शकतात. पाठपोट छापलेल्या प्रतीच्या कोपऱ्यातल्या खुणेतून टाचणी आरपार घाला आणि उलटून बघा. मागची खूण किती सरकली आहे ते डोळ्यांना दिसेल. एखादा मिलिमीटर पत्रकाला चालतो, दुमडून होणाऱ्या पुस्तिकेत तो खटकतो. तीनशे जीएसएमचं (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारं) जाड आर्ट कार्डही घालून बघा, तेही पाठपोट. माहितीपत्रकात ३०० लिहिलेलं असतं, पण ते एका बाजूपुरतंच आहे का आणि कोणत्या ट्रेमधून, हे विचारावं लागतं.

एकूण किती पानं छापली ते दाखवणारा काउंटर बघाच, पण वापरलेल्या मशीनचा काउंटर हा एकमेव पुरावा मानू नका. ड्रम, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) आणि ट्रान्सफर बेल्टचं किती आयुष्य उरलंय ते मशीनच्या सर्व्हिस मेनूत दिसतं. त्याचा कागद छापून मागा आणि प्रत्येक भागाची आजची किंमत त्यावरच लिहून घ्या. वापरलेल्या कॉपी-छपाई मशीनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंधनं आहेत. म्हणून आयातीची कागदपत्रं आणि मशीनचा अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल, दोन्ही मिळणार असेल तरच पुढे जा. सार्वजनिक न्यासाच्या लेखापरीक्षणात ८ लाखांची खरेदी कच्च्या पावतीवर दाखवायची वेळ तुमच्यावर येऊ नये. तीन कोटेशनं घ्या, त्यांतलं एक तरी कंपनीच्या नव्या किंवा भाड्याच्या मशीनचं असू द्या.

भाड्याचं किंवा सेवा कराराचं कोटेशन आलं तर ‘क्लिक’चा दर नीट समजून घ्या. छापलेल्या प्रत्येक बाजूला एक क्लिक पडतो, त्यात टोनर आणि सुटे भाग धरलेले असतात, कागद तुमचा. पण मोठ्या कागदाला एक क्लिक मोजणार की दोन? काळ्या पानाच्या कोपऱ्यात नुसता निळा शिक्का असेल तरी रंगीतचाच दर लागणार का? महिन्याला किमान किती क्लिकचे पैसे द्यायचे, आणि मे महिन्यात शाळा बंद असताना ते माफ होणार का? मशीन बंद पडल्यावर माणूस किती तासांत येणार, आणि तो पुण्याहून निघणार की साताऱ्यातून? हे तोंडी नको, करारात हवं. वापरलेल्या मशीनला कंपनीचा करार मिळेलच असं नसतं. मग सगळी भिस्त एका स्वतंत्र मेकॅनिकवर राहते. त्याच्या हाताखाली त्याच मॉडेलची आणखी मशीनं तुमच्या जिल्ह्यात चालू आहेत का, याची चौकशी करा आणि त्या लोकांना जाऊन भेटा.

तळघराचं ऐकून मला खरंच काळजी वाटली. डिजिटल मशीनला आणि त्याहून जास्त कागदाला हवेतली ओल सोसत नाही. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान पंचविशीच्या आत, ही साधारण बरी परिस्थिती. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टात तळघराच्या भिंतींना हात लावून बघा. दमट कागद गरम फ्यूजरमधून गेला की त्यातलं पाणी एकदम निघतं, कडा लाटेसारख्या होतात, कागद वळतो, पुढच्या वळणावर अडकतो. टोनरही नीट उतरत नाही, काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. लोक मशीनला शिव्या देतात आणि दोष कागदाचा असतो. तळमजल्यावरची, ऊन न येणारी, रुंद दाराची खोली बघा. मोठ्या छपाईचं रंगीत मशीन काहीशे किलोंचं असतं, ते जिन्यावरून उतरवण्यात जीव जातो. खोलीत एसी हवाच, पण छपाई चालू असताना थोडी हवा खेळती राहील अशी सोयही हवी. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर भिंतीला लावा आणि रोज सकाळचा आकडा वहीत लिहा. रिमचं वेष्टण लागेल तेव्हाच फोडा, उरलेला कागद पुन्हा त्याच वेष्टणात गुंडाळा. बाहेरून आलेला कागद मशीनला घालण्याआधी निदान एक रात्र त्या खोलीत राहू द्या. जमिनीवर थप्पी लावू नका, खाली लाकडी फळ्या घाला.

विजेचं काम महिनाभर आधी उरका. मोठ्या रंगीत मशीनचा फ्यूजर तापताना एकदम भार घेतो. त्याला ट्यूबलाइटच्या लाइनवरचा साधा प्लग चालत नाही. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि मशीनच्या भाराला पुरेल असा सर्व्हो स्टॅबिलायझर हवा. अर्थिंग नवीन करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज वायरमनकडून तुमच्यासमोर मोजून घ्या. अर्थिंग वाईट असेल तर मशीनचे बोर्ड उडतात, आणि ते वॉरंटीत धरत नाहीत. संगणक आणि फाइल सांभाळणारा सर्व्हर यूपीएसवर ठेवा. अख्खं मशीन यूपीएसवर चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी त्याचा भार विचारा.

आता ज्या सामानाविषयी तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, त्याविषयी. छापून बाहेर पडलेला कागद म्हणजे अर्धं काम. उरलेलं कटिंगच्या टेबलावर होतं, आणि घरगुती छपाई विभाग बसतात ते नेमके तिथेच. पहिल्या खरेदीत चांगलं इलेक्ट्रिक कटिंग मशीन असायलाच हवं. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, असंच घ्या, कारण शाळेच्या आवारात कुणीही डोकावतं. एक क्रीजिंगचं, म्हणजे घडीच्या जागी खाच पाडणारं मशीन, जाड पुस्तिकेतून जाणारं पिनिंग मशीन, स्पायरल किंवा वायरोचं मशीन आणि लॅमिनेटर एवढं झालं तरी पुष्कळ. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून केलेली बांधणी, सध्या बाहेरून करून घ्या.

क्रीजिंगवर मी का अडून बसतो ते सांगतो. टोनर शाईसारखा कागदात मुरत नाही, वितळून वर चिकटतो. गडद निळं मुखपृष्ठ नुसतं हाताने दुमडलं की घडीवर टोनरला तडे जातात आणि पांढरी रेघ उमटते. आधी क्रीज मारली आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने पडली, तर हे टळतं. ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागद दोन्ही बाजूंनी फाडून बघा, ज्या दिशेने तो सरळ फाटतो ती ग्रेनची दिशा. पुस्तिकेची पाठ ग्रेनला समांतर हवी. कागद विकत घेतानाच हे दुकानदाराला सांगितलं की पुढचा मनस्ताप वाचतो.

कागदाच्या आकाराचाही असाच एक फास आहे. रंग कडेपर्यंत जाणारी ए-फोर पुस्तिका छापायची तर उलगडलेलं पान ए-थ्री होतं, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, म्हणजे झालं ३०३ × ४२६. आपल्याकडे सर्रास मिळणारा १२ × १८ इंची कागद ३०५ मिलिमीटर रुंद आहे. तो पुरेल असं वाटतं, पण मशीन कडेचे काही मिलिमीटर छापतच नाही, त्यामुळे रंग अपुरा पडतो. याला १३ × १९ लागतो. मशीन तो आकार कोणत्या ट्रेमधून घेतं आणि पाठपोट घेतं का, हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारा.

फायलींची तयारी तर मशीनची ऑर्डर देण्याच्या आधीच सुरू करता येईल. संस्थेचे जुने नमुने बहुधा श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये असतील. ते दुसऱ्या संगणकावर उघडले की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. नेहमी लागणारे अर्ज, दाखले, प्रश्नपत्रिकांचे आराखडे एकदाच युनिकोडमध्ये नव्याने बांधून घ्या. छपाईसाठी ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ असे मोफत, स्वच्छ फॉण्ट आहेत. पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये करणाऱ्याला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय चालू करायला सांगा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. मशीनवर पाठवायची फाइल नेहमी पीडीएफ हवी, फॉण्ट आत बसवलेले हवेत. वर्डची फाइल छपाईच्या संगणकावर उघडून छापायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, कारण तिथे ओळी सरकतात आणि प्रश्न क्रमांक ७ पुढच्या पानावर जातो. फॉण्ट बदलताना रफार, ‘ऱ्या’ आणि गणिती चिन्हं हमखास बिघडतात. म्हणून विषयशिक्षकाने छापील प्रुफावर सही केल्याशिवाय एकही पेपर मशीनवर चढवू नका.

गुप्ततेबद्दल मला तुमच्या कार्यकारिणीला थेट सांगायचं आहे. बऱ्याच मोठ्या डिजिटल मशीनमध्ये हार्डडिस्क असते आणि छापलेली फाइल तिच्यात राहू शकते. परीक्षेची कामं साठवून न ठेवण्याची आणि पुसून टाकण्याची सोय मशीनमध्ये आहे का, ते घेण्याआधीच बघा. भाड्याचं मशीन परत जाईल तेव्हा डिस्क पुसल्याचं लेखी घ्या. रिसोत तर आणखी सोपी गळती आहे. वापरलेला मास्टर बाजूच्या डब्यात जाऊन पडतो, आणि तो उलगडला की अख्खा पेपर वाचता येतो. परीक्षेच्या काळात तो डबा रोज जबाबदार माणसासमोर रिकामा करून मास्टर नष्ट करा. खराब प्रतींनाही तेच, त्यासाठी श्रेडर घ्या. शाळा सोडल्याचे दाखले घरात छापणार असाल तर कोरे नमुने क्रमांक घालून छापा, कुलपात ठेवा आणि किती छापले, किती दिले, किती रद्द केले याचं रजिस्टर मुख्याध्यापकांच्या ताब्यात असू द्या. छापणं सोपं झालं की खोटा दाखला निघणंही सोपं होतं.

निवडणुकीच्या दिवसांत संस्थेच्या मशीनवर पत्रकं काढण्याचा आग्रह होईल, तेव्हा नाही म्हणायची तयारी आत्तापासून ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. तो मोडला तर शिक्षेची तरतूद आहे, आणि मुद्रक म्हणून तुमची संस्था अडकेल.

माणसाविषयी. लिपिक हुशार असेल, पण त्याच्या टेबलावरचं काम कोण करणार? छपाईचं काम बाजूला ठेवून बिलं भरता येत नाहीत. रंग, कागद आणि पातं यांचा हात असलेला एक पूर्णवेळ माणूस नेमा. पुण्याच्या पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत मुद्रणाचं शिक्षण मिळतं, तिथे विचारणा करा. नाहीतर जवळपासच्या डिजिटल दुकानात चार-पाच वर्षं काम केलेला मुलगा शोधा. तुमचा लिपिक त्याचा जोडीदार राहू द्या. विक्रेत्याने प्रशिक्षण दोघांना द्यायचं, हे खरेदीच्या अटीत लिहा. एकच माणूस शिकलेला असेल तर तो आजारी पडला की विभागाला कुलूप लागतं.

प्रत्येक कामाला जॉब कार्ड, म्हणजे कामाच्या नोंदीची चिठ्ठी, असू द्या आणि त्यावर मागणी करणाऱ्याची सही. शाळा-महाविद्यालयांना कागदोपत्री का होईना, दर लावा. फुकट आहे म्हटलं की साध्या सूचनाही रंगीत निघू लागतात. टोनर सांडला तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, बारीक भुकटी त्याच्या फिल्टरमधून हवेत उडते. थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपा, गरम पाण्याने तो चिकटतो. रिकामी काडतुसं आणि जुनी यंत्रं १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत येतात. भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवा.

राहिली जूनची मुदत. सगळं जूनपर्यंत उभं करायला जाल तर पहिल्याच प्रवेशाच्या गर्दीत विभाग बदनाम होईल. एप्रिलमध्ये बिलांची यादी आणि हिशेब, मेमध्ये खोली, वायरिंग आणि माणूस, जूनमध्ये रिसो, काळं लेझर आणि कटिंग मशीन. एवढ्यावर पहिलं सत्र काढा. जॉब कार्डांवरून चार महिन्यांत रंगीत कामाचा खरा अंदाज येईल. त्यावरून दिवाळीनंतर रंगीत मशीन विकत घ्यायचं, भाड्याने घ्यायचं की ते काम बाहेरच ठेवायचं, हे ठरवा. ८ लाखांचं ते मशीन तेव्हा विकलं गेलेलं असेल तर असू द्या, तसली मशीनं बाजारात येत राहतात.

कार्यकारिणीच्या ठरावात ‘रंगीत डिजिटल मशीनची खरेदी’ असे शब्द असतील तर पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडा: ‘छपाई विभागाची उभारणी, दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा पहिल्या सत्राच्या नोंदी पाहून’. मंजूर रकमेपैकी निदान लाख-दीड लाख पहिल्या वर्षाच्या कागदासाठी, टोनरसाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवल्याचंही त्यात लिहून घ्या. बिलांची यादी तयार झाली की मला पाठवा. कोणतं काम कोणत्या मशीनवर टाकायचं ते आपण ओळीओळीने बघू.